त्याले बोट नाही

आमच्या इंग्रजीच्या सरांना कारंज्यात नावानं ओळखणारे कमी, बोटानं ओळखणारे जास्त. समोरचा माणूस इंग्रजीत चुकला की सरांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप वर जायचं, थेट कानाच्या पातळीपर्यंत, आणि चूक दुरुस्त झाल्याशिवाय खाली यायचं नाही. ते रागावत नसत, ओरडत नसत. नुसतं बोट. पोट्ट्यांनी त्याला 'सिग्नल' नाव ठेवलं होतं. कोणी उत्तर देता देता मध्येच गप्प झालं की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "पडला सिग्नल."

सर कारंज्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवत आणि मी तिथंच मराठी शिकवायची. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारीशेजारी होती. सर रोज कामरगावहून एसटीनं येत. सोबत फडक्यात बांधलेली भाकर, ठेचा आणि ओल्या कापडात गुंडाळलेली पाण्याची बाटली. बोलणं अस्सल वऱ्हाडी. पण इंग्रजीच्या तासाला वर्गाचा उंबरठा ओलांडला की घंटा होईपर्यंत तोंडातून एक मराठी शब्द निघायचा नाही. 'रवंथ' या अर्थाचा शब्द धड्यात आला तेव्हा त्यांनी टेबलाजवळ उभं राहून, डोळे अर्धवट मिटून, बराच वेळ रवंथ करून दाखवला होता. एकदा पंख्यातून ठिणग्या उडाल्या. मुलं किंचाळत उठली, तरी सर दारात उभं राहून "वन बाय वन, प्लीज" एवढंच म्हणत राहिले. शेवटची मुलगी बाहेर पडल्यावर स्वतः बाहेर आले आणि उंबरठा ओलांडताच शिपायाला म्हणाले, "अबे, मेन स्विच बंद कर लवकर."

त्यांच्या बोटाला प्रसंगाचं भान नव्हतं. आमचे जुने हेडक्लार्क वारले तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. हेडक्लार्क सरांचे जीवलग. दोघं रोज दुपारी एकाच डब्यातून खात. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांना शोकप्रस्ताव इंग्रजीतच शोभतो असं वाटायचं. त्यांनी कागद उघडून वाचायला घेतला, "ही हॅज लेफ्ट अस यस्टरडे..." आणि तिसऱ्या रांगेत बोट वर गेलं. पदाधिकारी थांबले. सगळ्या सभेनं वळून पाहिलं. सरांचे डोळे वाहत होते, गालावरून पाणी गळ्यापर्यंत आलं होतं, आणि बोट मात्र वर. शेवटी पदाधिकाऱ्यांनी घसा साफ करून "ही लेफ्ट अस यस्टरडे" असं वाचलं. बोट खाली आलं. मग सरांनी रुमाल काढून डोळे पुसले.

हे विचित्र खरं, पण त्यात आढ्यता नव्हती. गावातले लोक लग्नाच्या इंग्रजी पत्रिका छापण्याआधी त्यांच्याकडे घेऊन येत. सर त्या दोनदा तपासून देत आणि चहाशिवाय काही घेत नसत. एकदा स्टँडवर बसची वाट पाहताना मीच विचारलं की, सर, चारचौघांत असं थांबवलेलं माणसाला लागत नसेल का? त्यांनी अमरावतीला शिकायला गेले तेव्हाची गोष्ट सांगितली. पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकानं त्यांना उभं करून वाचायला लावलं. खेड्यातून आलेलं पोरगं, इंग्रजी पुस्तकात वाचलेलं, कानानं कधी न ऐकलेलं. पहिल्या ओळीला सगळा वर्ग हसला आणि प्राध्यापकही हसले. सर वसतिगृहात परत आले ते शब्दकोश घेऊनच बसले.

"चुकलं की जग हासते, मॅडम," ते म्हणाले. "म्हनून जग हासाच्या आधी मीच थांबवतो. मी कोनाले हासत नाही. पाह्यलं का कधी?"

नव्हतंच पाहिलं. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत सर एकाही विद्यार्थ्याला हसले नसतील.

लॉकडाऊननंतर मुलं कॉलेजात परत आली ती मोबाइल घेऊनच. ऑनलाइन तासांसाठी कोणी सोयाबीनच्या पैशातून घेतला होता, कोणी मामाचा जुना आणला होता. तास संपले, मोबाइल राहिले. आणि त्यात इंग्रजी शिकवणारी अॅप. पोट्टे एसटीत बसून त्याच्याशी बोलत, मैदानातल्या टाकीमागे बोलत. मुली ओढणीच्या आड फोन धरून पुटपुटत. आमच्या वर्गांत बाकी काही टिकत नसे. टायपिंगचा क्लास लावायचे, पावसाळ्यात सोडायचे. पोलीस भरतीसाठी पहाटे पळायचे, दिवाळीनंतर बंद. पण हे अॅप सुटत नव्हतं.

सरांना ते कळलं एका मुलीमुळे. बारावीची मुलगी, कामरगावच्या पुढच्या एका खेड्यातून सरांच्याच बसनं यायची. आई-वडील दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला, कापूस वेचायला जायचे. दोन वर्षांत ती इंग्रजीच्या तासाला एक शब्द बोलली नव्हती. सरांनी उभं केलं की उभी राही, खाली पाही, बस म्हटलं की बसे. त्या दिवशी सर फळ्यावर लिहीत असताना त्यांना मागून कुजबुज ऐकू आली. वळून पाहिलं तर ही मुलगी बाकाखाली फोन धरून त्याला इंग्रजीत काहीतरी सांगत होती. सांगत होती म्हणजे पूर्ण वाक्य, कर्ता-कर्म-क्रियापदासह.

त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात सरांच्या तोंडून मराठी निघालं. "मी इथं जित्ता उभा हाव," ते म्हणाले, "अन् तू त्या डबीसंग बोलून राह्यली?"

मुलगी उभी राहिली आणि नेहमीसारखी खाली पाहत राहिली. सरांनी फोन घेतला नाही, शिक्षाही केली नाही. स्टाफरूममध्ये आले आणि भाकर न सोडताच बसून राहिले.

त्यानंतर त्यांना एकच प्रश्न लागला. पोट्टे हे वापरतात ते ठीक, पण वापरत राहतात ते काहून? दिसेल त्या विद्यार्थ्याला ते विचारू लागले. कोणी म्हणालं, फुकट आहे. सर मला येऊन म्हणाले, "फुकट तं मीही हाव. स्टाफरूमचं दार उघडं असते. कोन येते?" कोणी म्हणालं, बसमध्ये वेळ जातो. एकानं सांगितलं, बरोबर आलं की टिंग वाजतं, बरं वाटतं. सरांना यातलं काही पटत नव्हतं. कारणं खोटी नव्हती, पण पुरेशी नव्हती.

शेवटी त्यांनी पुतण्याचा फोन मागून आणला. त्यांचा स्वतःचा बटणांचा होता. दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी बसून त्यांनी ते अॅप उघडलं. मी पेपर तपासत होते. फोननं त्यांना एक वाक्य दिलं आणि मोठ्यानं म्हणायला सांगितलं. वाक्य होतं, ही खुर्ची आरामशीर आहे. सर ताठ बसले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "धिस चेअर इज कम्-फर्-टे-बल."

फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा.

सरांनी पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. पुन्हा प्रयत्न करा. तिसऱ्यांदा तेच. सरांचं बोट वर गेलं. फोनच्या काचेसमोर ते तसंच वर राहिलं आणि फोनवर काहीच परिणाम झाला नाही. मला हसू आवरेना म्हणून मी पेपरात तोंड घातलं. मग फोननं तो शब्द स्वतः म्हणून दाखवला. पटकन, मधली दोन अक्षरं गिळून. सरांनी तो कान लावून ऐकला, परत ऐकला, आणि त्याच्यासारखा म्हणून पाहिला. आवाज इतका बारीक काढला की मलाही नीट ऐकू आला नाही. टिंग वाजलं.

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पहिलं बक्षीस मिळालेल्या पोरासारखे ते इकडेतिकडे पाहू लागले. मग फोन पालथा ठेवला.

"इतके वर्स हा शब्द चुकीचा शिकवला," ते म्हणाले. पण त्यात दुःख कमी आणि आश्चर्य जास्त होतं. मग थोड्या वेळानं, "पन मॅडम, तीन खेपा चुकलो तरी ते काही बोललं नाही. पुन्हा कर म्हने, बस."

तरी प्रश्न सुटला नव्हता. तो सुटला कामरगावच्या स्टँडवर. हे मला त्या दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं सांगणं जुळतं. संध्याकाळची बस तिथं पोचली. पुढच्या जीपला वेळ होता, म्हणून मुलगी शेडमध्ये उभी होती. सर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, मी रागावणार नाही, मला फक्त समजून घ्यायचं आहे. वर्गात तू बोलत नाहीस आणि त्याच्याशी बोलतेस. माझ्यात नाही असं त्याच्यात काय आहे?

मुलगी रस्त्याकडे पाहत राहिली. जीप येताना दिसली तेव्हा ती म्हणाली, "सर, त्याले बोट नाही."

आणि जीपमध्ये चढून गेली.

सर दुसऱ्या दिवशी कॉलेजला आले नाहीत. ही गोष्ट इतकी अपूर्व होती की प्राचार्यांनी त्यांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नीनं, बरं नाही, एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सर आले आणि तासाला गेले. वर्गात शिरल्या शिरल्या त्यांनी डस्टर उचललं आणि उजव्या हातात घट्ट धरलं. तासभर ते सोडलं नाही. फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी, वर चढत जाणारी. पोट्टे हसले. सर थांबले, फळ्याकडे पाहिलं आणि लिहीत राहिले. उद्याही तेच, परवाही. शर्टाची उजवी बाजू खडूनं पांढरी होऊ लागली. कॉलेजात बातमी पसरली की सरांच्या हातावरून वारं गेलं. प्राचार्यांनी अकोल्याच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. सरांनी आभार मानले.

मला त्यांनी खरं सांगितलं. "ते माह्यं ऐकत नाही, मॅडम. मी ठरवतो, तरी वर जाते. म्हनून त्याले कामाले लावलं."

पहिले काही दिवस डस्टर धरूनही वर्ग गप्पच होता. कित्येक वर्षांची गप्प राहायची सवय अशी लगेच कशी जाईल? मग एका पोरानं धाडस केलं. त्याच्या घरी आदल्या दिवशी बैल सुटून स्वयंपाकघरात शिरला होता. तो उठून म्हणाला, "सर, माय बुल कम इन किचन अँड ईट ऑल भाकर." सगळ्यांनी सरांच्या हाताकडे पाहिलं. डस्टर थरथरलं, पण खालीच राहिलं. सर म्हणाले, "देन?" पोरगा गडबडला. सिग्नल न पडल्यामुळे पुढं जायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. मग तो सांगत गेला: आई ओरडली, आजी माळ्यावर चढली, बैल चुलीपाशी बसला. क्रियापदांचं काही खरं नव्हतं, पण सगळा बैल वर्गात उभा राहिला. घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत.

तेव्हापासून सरांचा हा एक शब्द झाला, "देन?" चुका ते नंतर सांगत, दुसऱ्या दिवशी, फळ्यावर, कोणाच्या त्या न सांगता.

त्याच वर्षी हिवाळ्यात त्या मुलीनं नागपूरच्या एका दवाखान्यातल्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला. मुलाखत फोनवर, चेहरा दिसेल अशी, इंग्रजीत. तिच्या गावात विहाराच्या ओट्यावर तेवढं नेटवर्क मिळायचं. ती रोज तिथंच बसून अॅपवर बोलायची, पण तिथं बारकी पोरं गराडा घालायची. म्हणून सरांनी स्टाफरूम मोकळी करून दिली. तिनं मला सोबत बसायला सांगितलं. सरांना काही सांगितलं नाही, आणि सरही न सांगता बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

पलीकडच्या बाईंनी विचारलं की तुला नर्स का व्हायचंय. मुलगी म्हणाली, "माय ग्रँडमदर वॉज सिक. वी टेक हर टू अकोला. नोबडी टेल अस एनिथिंग. शी डाय. आय विल बी द नर्स हू टेल."

मला खिडकीतून सरांची पाठ दिसत होती. ती पाठ हलली नाही. बाईंनी पुढचे प्रश्न विचारले, मुलीनं उत्तरं दिली. संपलं तेव्हा मी बाहेर गेले. सर नळाखाली तोंड धूत होते. थंडीत. मी विचारलं, ऐकलंत का? ते म्हणाले, ऐकलं. आणि मग, "त्याच्यात दुरुस्त कराले काही नव्हतं."

नागपूरनं तिला घेतलं नाही. कारण कळवलं नाही. सरांनी ते फार मनाला लावून घेतलं. आठवडाभर ते मला हेच सांगत होते की आपण तिला दोन वर्षं उशिरा बोलू दिलं. मुलगी मात्र दुसऱ्याच दिवशी बसमध्ये ओढणीआड फोन धरून बोलत होती. सरांना ते समजेना. एवढा नकार मिळाला, वर्गातही आता बोलतेस, मग अजून हे कशाला? त्यांनी तिला विचारलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. आम्ही तिघं स्टँडवर होतो.

तिनं सरळ उत्तर दिलं. "सर, तुमी आता काही मनत नाही. पन तेच तेच दहा खेपा तुमाले कसं इचारू? मानूस कटाळते. मलेच लाज वाटते. त्याले रोज इचारलं तरी ते पहिल्यांदाच इचारल्यासारखं सांगते. अन् मी नाई गेली तं सांजच्याले तेच इचारते, आज येत नाही का मनून. मले तसं कोन इचारते?"

बस आली, दोघं चढले. पुढच्या वर्षी तिला अकोल्याला प्रवेश मिळाला. आज ती तिथंच एका दवाखान्यात नर्स आहे.

सर निवृत्त झाल्यावर आमची गाठ पडेना. गेल्या थंडीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या बाळाच्या बारशासाठी मी कामरगावला गेले. कार्यक्रम दुपारीच आटोपला आणि परतीच्या बसला वेळ होता, म्हणून सरांच्या घरी जायचं ठरवलं. त्यांच्या पत्नीला मी फार थोडी ओळखत होते. अबोल बाई. निरोपसमारंभाला आल्या तेव्हाही सरांच्या मागं दोन पावलं ठेवून उभ्या होत्या. कोणीतरी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं तर पदर तोंडाला लावून मान हलवली. इंग्रजीच्या सरांच्या घरात सगळा संसार झाला, पण त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द कोणी ऐकला नव्हता.

मी फाटकाशी पोचले तर आतून आवाज आला. बाईचा आवाज, हळू, पण ठाम. "धिस इज माय हाऊस." थोडी शांतता. "देअर... इज... ए ट्री." परत तेच, जरा बरं. मी कडी उघडायला हात घातला, तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं. वळून पाहिलं तर गल्लीच्या टोकाला, शेताच्या कुंपणाशी, सर उभे होते. हातवारे करून मला बोलावत होते.

मी गेले. ते वाळले होते, गुडघे धरले होते, हातात काठी होती.

"दार वाजवू नका," ते हळूच म्हणाले. "तिचं चालू हाय."

मी विचारलं, तुम्ही शिकवता त्यांना?

"छे. मले तं माहीतच नाही." ते हसले. "मी फिराले गेलो का ती फोन काढते. आलो का ठेवून देते. एक दिवस चष्मा राह्यला म्हनून अर्ध्यातून परत आलो, तं कानावर आलं. तसाच मागं फिरलो."

मी म्हटलं, सर, तुमच्यासारखा शिक्षक घरात असून? एकदा म्हणून तर बघा, मी शिकवतो म्हणून. त्या आनंदानं शिकतील.

सरांनी मान हलवली. "सांगतलं तं बंद करन," ते म्हणाले. "तिले पाहिजे ते तिले भेटून राह्यलं. त्याच्यात मी कायले?"

मग आम्ही दोघं चालत गेलो, तुरीच्या शेताकडेनं, पार नाल्याच्या पुलापर्यंत. डॉक्टरांनी त्यांना जास्त चालायला मनाई केली होती, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. दर थोड्या अंतरावर ते थांबायचे, काठीवर भार द्यायचे, घड्याळ पाहायचे. मी दोनदा म्हटलं की परत फिरू या. दोन्ही वेळा ते म्हणाले, अजून थोडं. ऊन उतरलं, गुरं घराकडे वळली, तेव्हा कुठं ते माघारी फिरले.

फाटकाशी आल्यावर सरांनी काठी दगडावर जोरानं आपटली, कडी दोनदा वाजवली, आणि आत न जाता थोडा वेळ तिथंच थांबले. मग आम्ही आत गेलो. पत्नी पदरानं हात पुसत बाहेर आल्या. चेहरा लाल झाला होता. मला पाहून त्यांनी नमस्कार केला आणि सरांना विचारलं, आज एवढा वेळ कुठं लागला?

"फिरलो जरा," सर म्हणाले, आणि ओसरीवर बसून गुडघे चोळू लागले.